खंडेनवमीची गिटार

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पूजा झकास झाली. दरवर्षीप्रमाणे पूजेच्या वहीत याद लिहिली. पणजोबांपासून ती वही चालत आली आहे: तलवार एक, कट्यार एक, ढाल (फुटकी) एक. आजोबा दरबारात कारकून झाले तेव्हा त्यांनी त्यात बोरू वाढवला, बाबांनी टाइपरायटर, मी माझी ड्रॉइंगची पेटी आणि स्कूटर, माझ्या बायकोने, भानूने, शिलाई मशीन. ज्याचं पोट ज्यावर, ते त्याचं हत्यार. हत्यार स्वच्छ करायचं, हळदकुंकू लावायचं आणि एक दिवस त्याला कामाला लावायचं नाही.

यंदा एक नग वाढला. संहिताची गिटार.

सूनबाई ट्रेनिंगसाठी पुण्याला गेल्या आहेत, बारा तारखेला येतील. इथे भंवरकुआं भागात कोचिंग क्लासमध्ये ती फिजिक्स शिकवते, म्हणजे तिचं पोट लॅपटॉपवर. पण लॅपटॉप तिने बरोबर नेला. आता इथे खोटं कशाला लिहू, लॅपटॉप घरी असता तरी मी गिटारच काढली असती. वर्षापूर्वी ती लग्न होऊन आली आणि ही पेटी घरात शिरली, तेव्हा मी बोलून गेलो होतो, "आता घरात डबे वाजणार का?" आमचा मुलगा ऋषभ हसला. ती नाही हसली. तेव्हापासून ती दार लावून वाजवते. ऋषभ सहा-सहा महिने जहाजावर, घरात आम्ही तिघंच, आणि ते बंद दार. माफी मागायची रीत आमच्या घराण्यात नाही. पूजेची आहे.

तलवारीला करतो ते सगळं गिटारला केलं. विटेची पूड मलमलीतून गाळली, ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल घासली, वरून खोबरेल तेलाचा हात. काळीभोर गिटार अशी चमकली की मीच माझं तोंड बघून घेतलं. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभराने संहिताने विचारलं, "बाबा, गिटार कशाने पुसली?" मी अभिमानाने लिहिलं, "विटेची पूड आणि तेल. चार पिढ्यांचा नुस्खा." मग बराच वेळ ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं. शेवटी नुसते जोडलेले हात आले. पोरीला भरून आलं असणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सर्वनाश.

तेल पुसायला सकाळी गिटार खिडकीशी नेली. तेल निघालं आणि खालचं खरं रूप बाहेर आलं. पुढच्या बाजूला, भोकाच्या खाली, सगळीकडे बारीक बारीक गोल ओरखडे, जणू स्टीलची परात घासून ठेवली आहे. आणि खालच्या कडेजवळ एक लांब चरा, तब्बल दोन इंच. पुडीत खडा राहिला असणार. मलमल जुनी झाली होती, हे मला आज आठवतंय.

तिचं हे पहिल्या पगाराचं वाद्य. एकोणीस तारखेला आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटेत ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार आहे. सेक्रेटरी दत्तोपंतांनी आधीच नाक मुरडलंय, "दिवाळी पहाट आणि गिटार?"

फोटोत नुसती चमक दिसते, म्हणजे तिला अजून काही कळलेलं नाही. माझ्याकडे दहा दिवस आहेत.

सोनं वाटायला लोक आले. दरवर्षीप्रमाणे दत्तोपंतांनी तलवार हातात घेतली, पात्यावरच्या खाचेवर बोट ठेवलं आणि महिदपूरच्या लढाईत आमच्या पूर्वजांनी ती खाच कशी कमावली ते सगळ्यांना ऐकवलं. मंडळाच्या स्मरणिकेत त्यांनी ते छापलंही आहे. मी मान डोलावली. आज मान जड झाली होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

ती खाच लढाईतली नाही. मी दहा वर्षांचा असताना बाबा कचेरीत गेल्यावर तलवार काढून अंगणातल्या लोखंडी हातपंपावर वार केला होता. पंप तसाच राहिला. मी तलवार म्यानात घातली आणि महिनाभर ताप आल्यासारखा वावरलो. खंडेनवमीला सगळ्यांसमोर बाबांनी तलवार उपसली. खाच बघितली. एकदा माझ्याकडे बघितलं. कुणीतरी विचारलं, हे काय? बाबा पटकन म्हणाले, "महिदपूर." आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस. मला त्यांनी नंतर एका शब्दाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते गेले, आणि आता त्या खोट्याचा मालक मी एकटाच आहे.

दुपारी दात घासायच्या पेस्टने एक कोपरा घासून पाहिला. ओरखडे तसेच, वर पुदिन्याचा वास. भानू दारात उभी राहून म्हणाली, "अहो, काय करून राहिलात? आता हात नका लावू तिला. आधी कुणा जाणत्याला दाखवा." मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. ती फोन घेऊन गच्चीवर गेली. हल्ली तिचं गच्चीवर जाणं फार वाढलंय.

६ ऑक्टोबर, सोमवार

गिटार चादरीत गुंडाळून स्कूटरवरून परदेशीपुऱ्याला नेली. तिथे गोपीनाथ नावाचा गाड्यांना रंग-पॉलिश करणारा आहे. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली, पोराने गॅरेज टाकलं. माझ्या स्कूटरचा रंग त्याचाच.

चादर सोडली तसा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे बाऊजी! ये किसने किया?"

"घरच्यांनी," मी म्हटलं. घरात मीही येतोच.

त्याने गिटार उन्हात धरली, तिरकी केली, तोंडाची वाफ सोडली, नख फिरवलं. मग म्हणाला, "घबराओ मत. रंग नहीं कटा है, रंग के ऊपर जो काँच जैसी परत है ना, वो कटी है. जहाँ नाखून नहीं अटकता, वो सब निकल जाएगा. जहाँ अटकता है, उसको राम-राम." बारीक ओरखड्यांवर नख अडकत नव्हतं. दोन इंची चऱ्यावर अडकलं.

मी म्हटलं, तूच करून दे. नाही म्हणाला. त्याचं पॉलिशचं मशीन गाडीच्या पत्र्यासाठी. लाकडावर तापलं तर परत जळते. "ये हाथ का काम है, और हाथ मेरा भारी है. आपका कैसा है?"

माझा हात कसा आहे! नगर नियोजनाच्या कचेरीत तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंगवर शाईचा डाग पडला की दाढीच्या ब्लेडने तो खरवडायचा, कागद न फाडता, नुसती शाई. अख्ख्या कचेरीत हे मलाच जमायचं. साहेबलोक दुसऱ्यांच्या चुका माझ्या टेबलावर आणून ठेवत. हे त्याला सांगितलं तेव्हा तो हसला, "फिर तो बाऊजी, आपका ही केस है."

पाण्यात घासायचे दोन काळे सँडपेपर दिले, पंधराशे आणि दोन हजार नंबरचे. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. पाण्यात साबणाचा एक थेंब. गोल नाही घासायचं, सरळ. पहिला कागद उभा, दुसरा आडवा, म्हणजे पहिल्याच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. मग चमक परत आणणारं रबिंग कंपाउंड, मग पॉलिश. "तीन हजार का मेरे पास खतम है, वो मिल जाए तो सोने पे सुहागा. और पहले गिटार पे नहीं. पहले किसी और की बलि दो."

७ ऑक्टोबर, मंगळवार

बळी स्कूटरचा. तिच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर विटेची पूड घासून मुद्दाम ओरखडे काढले. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून वाईट काम केलं. मग सगळा क्रम. माझं जुनं ड्रॉइंगचं खोडरबर कागदाच्या आत धरायला फार छान बसतं, दाब सगळीकडे सारखा पडतो. चार वाजेपर्यंत पत्रा असा झाला की उजवी बाजू शेजारी भिकारडी दिसायला लागली.

भानू चहा घेऊन आली. म्हणाली, "अहो, गिटारला करताना कडेला जपा हं. कडेला ती परत पातळ असते. आणि भोकावर आधी पट्टी चिकटवा, आत पाणी गेलं तर लाकूड फुगतं."

मी थक्क. "तुला कुठून कळलं?"

"यूट्यूब," म्हणाली आणि वळली. एकतीस वर्षांत हिने चकलीची कृतीसुद्धा यूट्यूबवर पाहिलेली नाही. माणूस म्हातारपणी बदलतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज प्रत्यक्ष. तारा सैल करून काढल्या, सहा पाकिटांत घातल्या, नंबर टाकले. भोक प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद. साबणाच्या पाण्याने आधी सगळी धूळ आणि तेल काढलं. पंधराशे, उभा. दहा हात, पुसा, बघा. दहा हात, पुसा, बघा. ब्लेडच्या कामात असंच असायचं, श्वास रोखून.

दुपारपर्यंत ओरखडे गेले. पण त्यांच्याबरोबर चमकही गेली. जिथे आरसा होता तिथे आता शाळेची पाटी झाली आहे, राखाडी, मेलेली. दोन हजारही फिरवला, आडवा. पाटीच. गोपीनाथने सांगितलं होतं असं होतं म्हणून, स्कूटरवरही झालं होतं. पण स्कूटर माझी होती.

जेवलो नाही. भीती वाटते आहे. पोर परक्या घरून आली, तिच्याजवळ तिचं असं एकच होतं, आणि त्याच्यावर दोनदा घाव घालणारा मीच. आधी तोंडाने, मग विटेने.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कुरियर आलं, भानूच्या नावाचं. आत गुळगुळीत फोमचा काळा कागद, मागे छापलेलं: ३०००. मी ओरडलोच. भानू म्हणाली, "ते माझ्या टाचांसाठी मागवलंय. भेगा घासायला."

तीन हजार नंबर, टाचांना! देवाच्या मनात असलं की भेगांतूनही वाट निघते. अर्धा तुकडा मागितला. तिने उदारपणे सगळाच दिला.

ओले वापरलेले कागद कचरागाडीत ओल्यात टाकायचे की सुक्यात, यावरून सकाळी गाडीवाल्याशी दहा मिनिटं वाद झाला. शेवटी ते दोरीवर वाळत घालून उद्या सुक्यात टाकायचं ठरलं. मनाची स्थिती बरी आहे असं दिसतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

जमलं! जमलं! जमलं!

सकाळी तीन हजार फिरवला. पाटीची राखाडी जरा खोल झाली, मेणासारखी. मग जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाच्या तुकड्यावर कंपाउंड घेतलं. हातानेच, थोडं थोडं. तळहात तापला, खांदा भरून आला. दोन वाजता पुसलं तर आतून काळं वर येत होतं. अंधूक, मग स्पष्ट. नवं फडकं, पॉलिश. साडेतीनला खोलीतली ट्यूबलाइट लावली आणि गिटार तिच्याखाली धरली.

दसऱ्याच्या दिवशी तिच्यात ट्यूबलाइट दिसत होती ती पिंजलेली, कापसाच्या वातीसारखी. आज दिसली सरळ. दोन्ही टोकं, मधला पट्टा, पट्टीवर मरून पडलेला किडासुद्धा. पट्टी लावून आखावी तशी रेघ! मी भानूला हाक मारली. तीन हाका मारल्या. ती पीठ भरल्या हातांनी धावत आली, मला वाटतं तिला वाटलं मी पडलो. दोघं गिटारमध्ये तोंडं घालून उभे राहिलो. तिने विचारलं, "अहो, रडताय का?" मी म्हटलं, कंपाउंडचा वास फार उग्र आहे.

उरला तो कडेजवळचा चरा. त्याला राम-राम. हात शिवशिवत होते, पण ब्लेडच्या कामात हेच शिकलो, कुठे थांबायचं. आणखी घासलं असतं तर कागद फाटला असता.

तारा पाकिटांतून काढून नंबराप्रमाणे बसवल्या. सुरात लावता येत नाहीत, ते माझ्या खात्यात नाही. पेटी बंद केली आणि सराफ्यात जाऊन मावा जिलेबी आणली.

१२ ऑक्टोबर, रविवार

संहिता आली. पोहे खाताना सांगायचं ठरवलं होतं. मग चहाच्या वेळी. मग ती पेटी उघडायला गेली आणि मी पेपर उलटा धरून बसलो.

तिने बराच वेळ गिटार मांडीवर घेतली. हात फिरवला. खिडकीकडे वळवून तिरकी धरली, अगदी गोपीनाथसारखी. चऱ्यावर तिचा अंगठा थांबला, मी पाहिलं. मग एक तार छेडली, भयंकर बेसूर. म्हणाली, "ऑक्टोबरच्या गर्मीने उतरल्या वाटतं तारा." आणि मान खाली घालून त्या लावत बसली. वाचलो. चऱ्याकडे तिचं लक्ष गेलं नसावं.

वाचल्याचा आनंद मात्र होत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तिचा रियाज हॉलमध्ये. "बाबा, इथे उजेड चांगला येतो. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल की. अहिर भैरव वाजवते. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण हा डबा नाही एवढं कळतं. रोज सांगायचं ठरवतो. चौसष्ट वर्षांचा माणूस, तोंड उघडायला इतका जड! दहाव्या वर्षी ताप आला होता, तोच ताप आहे हा.

१९ ऑक्टोबर, रविवार

नरक चतुर्दशी उद्या, पण रविवार गाठून दिवाळी पहाट आजच झाली, लालबागेजवळच्या सभागृहात. हॉल भरला होता. दोन गायिका झाल्या, एक बासरी झाली, मग दत्तोपंत माइकवर म्हणाले, "आता जरा वेगळं." त्या 'जरा'वर त्यांनी असा जोर दिला की मला उठून जावंसं वाटलं.

संहिता बसली. दिव्यांखाली गिटार वळली आणि वरच्या दिव्यांची अख्खी ओळ तिच्यात सरळ उमटली. मला पहिली दोन मिनिटं सूर ऐकूच आले नाहीत, मी ती ओळच बघत होतो. मग ऐकू यायला लागले. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. शेजारचे आजोबा डोळे मिटून मांडीवर ताल धरायला लागले. शेवटी टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. भानू उभी राहिली, मग पुढच्या चार रांगा.

दत्तोपंत पुढे आले. कौतुक केलं, मनापासून केलं, ते नाकारणार नाही. पण खोड जाईना. चष्मा सावरून गिटारवर वाकले आणि माइकवरच म्हणाले, "पण सूनबाई, एवढ्या सुंदर वाद्यावर ही खरोंच कसली?"

संहिता पटकन म्हणाली, "माझ्याच हातून लागली, काका. ट्रेनमध्ये."

गिटार पुण्याला गेलीच नव्हती.

मला सभागृह दिसेना. मला आमचं जुनं अंगण दिसलं, आणि तलवार हातात धरलेले बाबा, आणि ते एक वेळा माझ्याकडे बघणं. संहितानेही तसंच बघितलं होतं, माझ्या रांगेकडे, एकदाच. तिला सगळं माहीत होतं. त्या फोटोपासूनच.

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो म्हणून गप्प राहिलो. आता काय सबब होती? उठलो. माइकची गरज नव्हती, आमच्या घराण्याचा आवाज मोठा आहे.

"दत्तोपंत, ती खोटं बोलते आहे. तो ओरखडा माझा. खंडेनवमीला मी तिची गिटार तिला न विचारता विटेच्या पुडीने घासली. वर्षापूर्वी तिच्या गिटारला डबा म्हणालो होतो, त्याची भरपाई करायला गेलो आणि हे करून बसलो. बाकीचे ओरखडे मी हाताने काढले. हा नाही निघाला."

मी मनात म्हटलं, आता पडलोच आहे पाण्यात तर पूर्ण भिजू.

"आणि ते महिदपूरही खोटं आहे. तलवारीवरची खाच माझी. वय वर्षं दहा. घरच्या हातपंपावर."

आधी भानू हसली. मग सगळा हॉल. दत्तोपंतांचं तोंड बघण्यासारखं झालं. "अरे यार लक्ष्मीकांत, मी स्मरणिकेत छापलंय ते!" मी म्हटलं, पुढच्या वर्षी शुद्धिपत्रक छापा.

संहिता हसता हसता डोळे पुसत होती. बाहेर पोह्यांच्या रांगेत माझ्याजवळ आली. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "माफ कर मला, बेटा." घराण्यात पहिल्यांदा. जीभ झडली नाही.

ती म्हणाली, "बाबा, पुण्यात तो फोटो पाहून मी आधी खूप रडले. मग परत पाहिला. तलवारीच्या शेजारी ठेवली होती तुम्ही, हार घालून. पुढच्या वर्षीही ठेवायची. फक्त वीट नाही."

"चरा भरता येतो म्हणतात," मी म्हटलं. "गोपीनाथला विचारतो."

"बिलकुल नाही. तलवारीची खाच भरली का तुम्ही?"

घरी आलो. भानूच्या टाचांसाठी नवा कागद मागवायला हवा, तिचा मी सगळा संपवला, आणि बिचारीने एकदाही आठवण केली नाही. संहिता हॉलमध्ये वाजवते आहे. पूजेची वही काढली आणि यंदाची याद नीट केली:

तलवार एक. खाच लक्ष्मीकांतची, हातपंपावर. बाबांनी झाकली.
गिटार एक, संहिताची. ओरखडा लक्ष्मीकांतचा. संहिताने झाकला.